रिव्ह्यू : लॅबमध्ये फुकट राबण्याआधी हातात मिळालेली १४ पानी पुस्तिका, आणि त्यानंतरचे सहा महिने

कशाचा रिव्ह्यू आहे ते आधी सांगते, कारण हे काही मिसळीचं दुकान नाही. पुण्यात एक संशोधन विभाग आहे, पाषाण ते शिवाजीनगर या पट्ट्यात कुठेतरी असं धरा, तिथे डिग्रीच्या पोरापोरींना व्हॉलंटियर म्हणून घेतात आणि घेताना एक पुस्तिका देतात, व्हॉलंटियरने काय करायचं काय नाही त्याची. १४ पानं, स्टेपल केलेली, झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे पान ६ वरचा तक्ता वाचताच येत नाही. शेवटच्या पानावर सही करून ते फाडून परत द्यायचं. नाव सांगणार नाही म्हणजे नाही, एक तर मी परत तिथेच जातेय, आणि दुसरं म्हणजे माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की बऱ्याच ठिकाणी सेमच आहेत.

मी टीवाय मायक्रोबायोलॉजी. ऑगस्ट ते जानेवारी गेले. ५ पैकी ३.५ देते. पुस्तिकेला एकटीला ४ दिले असते, विभागाला एकट्याला ३, सरासरी काढली.

आत कसं शिरायचं हे लोक सगळ्यात जास्त विचारतात म्हणून ते उरकून घेते. ११ मेल केल्या, २ उत्तरं आली, त्यातलं एक ‘सध्या जागा नाही’. ज्या मेलला होकार आला ती सगळ्यात छोटी होती, त्यात मी एवढंच लिहिलं होतं की कोणत्या वर्षाला आहे, आठवड्यात कोणत्या दिवशी किती ते किती मोकळी असते, आणि तुमच्या नदीच्या कामाबद्दल वाचलं त्यात मला अमुक गोष्ट कळली नाही. बाकीच्या मेलमध्ये ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ वगैरे होतं. नंतर ताई म्हणाली (ताई म्हणजे तिथली पीएचडी करणारी, जिच्या हाताखाली मी होते) की लहानपणापासूनची आवड असलेल्या मेल रोज चार येतात, वेळापत्रक पाठवणारी महिन्यातून एक येते.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं मायक्रोस्कोपला डोळा लावतील. कसलं काय. ताईने पुस्तिका दिली, म्हणाली वाच, तासाभराने येते, आणि खरंच तासाभराने येऊन प्रश्न विचारले. अंगावर काही सांडलं तर आधी काय? काच फुटली तर कशात टाकायची? लॅबकोट घालून कॅन्टीनला जायचं का? (नाही. आणि तरी निम्मं कॅन्टीन लॅबकोटात असतं ते वेगळं.) हा भाग मला खूप आवडला, नुसती सही घेऊन सोडलं असतं तर मी एक पानही वाचलं नसतं, आपण सगळे कसे आहोत माहितीये.

सुरक्षेचा भाग पुस्तिकेत सगळ्यात भारी लिहिलाय, कारण तिथे नियमासोबत कारण पण दिलंय. नुसतं ‘ऑटोक्लेव्ह व्हॉलंटियरने एकट्याने लावू नये’ (ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र) असं नाही, तर १२१ अंश, १५ पौंड प्रेशर, १५ मिनिटं, आणि प्रेशर पूर्ण उतरायच्या आत झाकण उघडलं तर आतला मीडिया (ज्यावर जंतू वाढवतात ते खाद्य) एकदम उसळून बाहेर येतो आणि वाफेने हात भाजतो, असं. आता हे आपल्याला नवीन नाही, घरी कुकर पडल्याशिवाय कोण झाकण उघडतं? पण मी ज्या दिवशी बघितलं त्या दिवशी एमएस्सीच्या एका दादाला घाई होती आणि त्याने व्हॉल्व्ह सोडून प्रेशर घाईघाईत काढलं, तर सगळ्या बाटल्यांमधलं अगार, म्हणजे तोच मीडिया, उतू गेलं आणि बुडाशी चिकट पिवळा थर. तो खरवडायला मामा आणि मी. मामा म्हणजे तिथले अटेंडंट, बावीस वर्षं तिथे आहेत, आणि खरं सांगायचं तर प्लेट ओतायला, म्हणजे झाकणाच्या चपट्या डबीत मीडिया ओतायला, मला त्यांनीच शिकवलं. पुस्तिकेत लिहिलंय मीडिया ४५ ते ५० अंशांपर्यंत गार करून ओता. आता हातात थर्मामीटर घेऊन कोण बसतंय? मामा म्हणाले बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला टेकव, चटका बसतोय पण धरवतेय, ओत. फार गरम ओतलं की झाकणाला पाणी धरतं आणि फार गार झालं की प्लेटमध्ये गुठळ्या, शिळ्या पिठल्यासारख्या. आणि गोठल्यावर प्लेट उलटी ठेवायची, म्हणजे झाकणावरचा थेंब मीडियावर पडत नाही. हे कॉलेजच्या प्रॅक्टिकलला पण सांगतात, पण तिथे प्लेट आयत्या मिळतात ना, त्यामुळे डोक्यात शिरत नाही.

आता माझा पराक्रम. पान ५, नियम क्रमांक काय तो विसरले, ‘प्रत्येक ट्यूबवर झाकणावर आणि बाजूला दोन्हीकडे लिहा, अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनने’. मी वाचलं होतं. सही पण केली होती. माझ्याकडे परमनंट मार्कर होता, अप्पा बळवंत चौकातून घेतलेला, नावातच परमनंट आहे म्हटल्यावर अजून काय पाहिजे.

कामाचं थोडक्यात सांगते नाहीतर कळणार नाही. नदीचं पाणी चार ठिकाणांहून आणायचं, खडकवासल्याच्या खालून, विठ्ठलवाडी, संगम आणि बंडगार्डन. म्हणजे मुठा शहरात शिरायच्या आधी, शिरल्यावर, मुळेला मिळते तिथे, आणि दोन्ही एक होऊन शहरातून पुढे जातात तिथे. प्रत्येक ठिकाणचे तीन नमुने, प्रत्येक नमुन्यातून चार बॅक्टेरिया वेगळे काढायचे, म्हणजे ४८ ट्यूब. मग त्या प्रत्येकावर कोणतं अँटिबायोटिक चालतं आणि कोणतं चालत नाही ते बघायचं. तर ४८ ट्यूब मी तयार केल्या, दोन शनिवार गेले, सुंदर अक्षरात लिहिलं, फक्त बाजूला, झाकणावर लिहायला जागा कमी म्हणून सोडलं. सोमवारी त्या लॅमिनारमध्ये (गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं कपाट) घ्यायच्या होत्या आणि लॅमिनारमध्ये काहीही घेताना ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यायचं असतं. (७० च का आणि १०० का नाही, तर थोडं पाणी असल्याशिवाय जंतूंमधली प्रोटीनं नीट बिघडत नाहीत आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. हे पान ५ च्याच तळाला आहे. मला तेवढं पाठ होतं.) मी एकेक ट्यूब उचलतेय, कापसाच्या बोळ्याने पुसतेय, दुसऱ्या रॅकला ठेवतेय, गाणं पण गुणगुणत असेन. सतराव्या ट्यूबला लक्षात आलं की ग्लोव्ह जांभळा झालाय.

सतरा ट्यूब कोऱ्या करकरीत. त्यात विठ्ठलवाडी कोण आणि बंडगार्डन कोण, देव जाणे.

पुस्तिकेत पान ८ वर एक वाक्य आहे, ‘चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, लपवलेली चूक ही चूक राहत नाही’. वाचताना मला ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटलं होतं. त्या सोमवारी मी दहा मिनिटं लॅमिनारसमोर बसले आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात आलं होतं की अंदाजाने नावं टाकून देऊ, कोणाला कळणारे, उचलायचा क्रम मला साधारण आठवत होता. साधारण. मग मामा कचरा न्यायला आले, माझा हात बघितला आणि म्हणाले मार्कर का? म्हणजे मी पहिली नव्हते. म्हणाले आत्ता सांगून टाक, मॅडम (लॅबच्या प्रमुख) दोनला मीटिंगला जातील मग संध्याकाळपर्यंत तुला जेवण जाणार नाही.

सांगितलं. ताई चिडली, दोन मिनिटं काहीच बोलली नाही ते जास्त वाईट होतं, मग फ्रीज उघडून बघितलं तर मूळ प्लेट अजून ठेवलेल्या होत्या, त्यातून सतरा परत काढता येणार होते. अजून दोन शनिवार. त्या सतरा ट्यूब मी स्वतःच्या हाताने ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकल्या. तर पान ८ ला पैकीच्या पैकी, पण त्यात एक भर घाला अशी माझी विनंती आहे, की ‘सांगणाऱ्यावर ओरडू नका’ हे पण लिहा आणि त्या खाली व्हॉलंटियरने नाही तर बाकीच्यांनी सही करा. मी नशीबवान, ताई बरी होती. शेजारच्या लॅबमधला एक मुलगा मोजपात्र फुटलं म्हणून जे ऐकून घेऊन गेला तो परत आलाच नाही.

लॅबबुकाचे नियम पण चांगले आहेत. पेनने लिहायचं, पेन्सिल नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला तारीख आणि सही, पान फाडायचं नाही, व्हाइटनर तर नाहीच. आणि ते बुक लॅबचं, आपलं नाही, घरी न्यायचं नाही. आपल्याला जर्नलची सवय असते ना, आधी कच्चं मग पक्कं, रीडिंग ‘ॲडजस्ट’ करून ग्राफ सरळ रेषेत आणायचा, कारण तिरका आला की मार्क कापतात. ती सवय मोडायला मला दीड महिना लागला. एकदा अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ (जिथे जंतू वाढले नाहीत तेवढा भाग) मोजत होतो, प्लेट काळ्या कागदावर उलटी धरून पट्टीने मिलिमीटरमध्ये. माझं १७ आलं आणि माझ्याबरोबरच्या मुलीचं १९. दोन मिलिमीटर म्हणजे काय एवढं, पण काही औषधांना त्या दोन मिलिमीटरवरच ठरतं की हा जंतू औषधाला दाद देतो की नाही. आम्ही काय केलं असेल? १८ लिहिलं. तडजोड! ताईने ते बघितलं आणि पुस्तिका काढून पान ९ दाखवलं, दोघांनी एकमेकांचं न बघता मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे, फरक जास्त असेल तर तिसऱ्याने मोजायचं. तिसरं माप १७ आलं, वर्तुळाच्या आत पातळ धुरकट थर होता तो माझ्या मैत्रिणीने वर्तुळातच धरला होता. हे पान ९ प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लावा.

नदीवर जाण्याचे नियम कुणीतरी पुण्यातल्याच माणसाने लिहिलेत हे वाचताक्षणी कळतं. खडकवासल्यातून विसर्ग चालू असेल तर घाटावर उतरायचं नाही, मग कितीही उशीर झालेला असो, भिडे पूल पाण्याखाली गेलाय अशी बातमी असेल तर त्या दिवशी सॅम्पलिंग रद्द, विचारत बसू नका. एकटं जायचं नाही. गमबूट. बाटली पाण्यात उलटी बुडवून आत सरळ करायची, पाणी जिकडून येतंय तिकडे तोंड करून, म्हणजे आपल्या हाताला लागलेलं पाणी आत जात नाही. मग थर्माकोलच्या डब्यात बर्फ आणि सरळ लॅब. आता थर्माकोलचा डबा घेऊन बंडगार्डनहून पीएमटीच्या बसने (हो पीएमपीएमएल, आमच्या तोंडात पीएमटीच बसलंय) युनिव्हर्सिटी चौकातून यायचं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. एका काकूंनी विचारलं मासे का? मी म्हटलं नाही काकू, नदीचं पाणी. त्या जागेवरून उठल्या आणि पुढे जाऊन बसल्या.

तर रिक्षाचं भाडं. इथून माझ्या तक्रारी चालू.

१४ पानं आपण त्यांच्यासाठी काय करायचं ते सांगतात, ते आपल्यासाठी काय करणार ते अर्ध्या पानात आटपलंय, आणि त्या अर्ध्या पानातलं शेवटचं वाक्य आहे ‘व्हॉलंटियर काम विनामोबदला असून त्याला अनुभवाचं स्वरूप आहे’. ठीके, मोबदला मागायला मी गेलेच नव्हते. पण बर्फ, रिक्षा, स्वतःचा लॅबकोट, ते गमबूट सुद्धा माझेच, लक्ष्मी रोडवरून घेतलेले. सहा महिन्यांत बिनमोबदला काम मला साडेतीन हजाराला पडलं. विचारल्यावर मॅडम म्हणाल्या अगं आधी सांगायचं ना, सॅम्पलिंगचा प्रवासखर्च मिळतो, बिलं ठेवायची होती. मिळतो! पण पुस्तिकेत नाही. रिक्षावाल्याला बिल मागायचं असतं हे मला कोण सांगणार होतं आणि तो कुठलं देणार होता.

दुसरं, क्रेडिट, म्हणजे डिग्रीसाठी जमवायचे गुण. हे नीट वाचा, टीवाय-एसवायवाल्यांनी तरी. नवीन पॅटर्नमध्ये इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, यूजीसीच्या हिशोबाने १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात ३० तास. मी आठवड्याला ८ तास जात होते, १५ आठवडे धरले तरी १२० तास झाले, म्हणजे सरळ सरळ ४ क्रेडिट. मी खुशीत रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन कॉलेजात गेले. तिथे पहिला प्रश्न, कॉलेजची आधीची परवानगी कुठंय? मेंटॉर नेमल्याचं पत्र? त्या विभागाचं कॉलेजला आलेलं पत्र? मी म्हटलं तास तर खरे आहेत ना सर. म्हणाले तास खरे आहेत, कागद नाही. शून्य क्रेडिट. आणि मग मी कुठेतरी ऑनलाइन दोन आठवड्यांची कसलीतरी इंटर्नशिप केली ज्यात मी व्हिडिओ चालू ठेवून मेसला जेवायला जायचे, तिचे क्रेडिट मिळाले. यात चूक कोणाची? थोडी माझी, विचारलं नाही. पण वर्षाला वीस-पंचवीस पोरं घेणाऱ्या विभागाला हे माहीत नसेल असं मला नाही वाटत, एक ओळ लिहायला काय जातं, ‘क्रेडिट हवे असतील तर सुरुवात करण्याआधी कॉलेजचं पत्र आणा’.

आणि हे फक्त इंटर्नशिपपुरतं नाही. चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट असतो. म्हणजे ज्या पोरीला पुढे ते करायचंय तिने टीवायला लॅबमध्ये इतकं राबू नये की सेमिस्टरच पडेल. माझ्या इंटर्नल्सच्या आठवड्यात मला ‘फक्त अर्ध्या तासासाठी’ तीनदा बोलावलं. पुस्तिकेत लिहिलंय परीक्षेच्या काळात व्हॉलंटियरला सुट्टी असेल. लिहिलंय! पण नाही म्हणायची जबाबदारी आपल्यावर आणि समोर मॅडम, कोण म्हणेल नाही. शेवटी ताईनेच फोन उचलायचा बंद कर म्हणून सांगितलं.

पेपरमध्ये नाव येतं का हा प्रश्न मला एफवायची पोरं पण विचारतात. नाही येत, निदान माझं आलं नाही आणि यायला पण नको होतं. पुस्तिकेत यावर एक पान आहे, मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या समितीचे चार निकष दिलेत: कामात खरं योगदान, लिहिण्यात किंवा सुधारण्यात भाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी. चारही पाहिजेत, एकदोन चालत नाहीत. प्लेट ओतणं, ट्यूब भरणं, पाणी आणणं हे पहिल्यात सुद्धा धड बसत नाही. त्यामुळे आभारात नाव. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं पोस्टर लागलं, खाली उजव्या कोपऱ्यात आभारात माझं नाव होतं, आडनाव चुकवून. मी फोटो काढून आईला पाठवला, आई म्हणाली आपलं आडनाव असं कधीपासून झालं. पण एक खटकलंच, त्याच पोस्टरवर लेखकांमध्ये एक नाव होतं जे मी सहा महिन्यांत लॅबमध्ये बघितलं नाही. चार निकष भिंतीच्या या बाजूच्यांना लागू आहेत का त्या बाजूच्यांना पण, हे पुस्तिकेत स्पष्ट करावं.

माझी रूममेट सोशल सायन्सवाल्या एका सर्व्हेला व्हॉलंटियर होती, वेगळा विभाग, पण पुस्तिकेचा तिच्या बाजूचा भाग तिने आणि मी मिळून वाचला म्हणून लिहिते. जिथे माणसांशी काम आहे तिथे नियम जास्त कडक आहेत आणि असायलाच पाहिजेत: आधी एथिक्स कमिटीची मान्यता, मग संमतीपत्र समोरच्याला कळेल अशा भाषेत, आणि तो मध्येच ‘पुरे’ म्हणाला तर वही मिटून उठायचं. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यावरून घेतलंय. तिचं संमतीपत्र मराठीत होतं म्हणे, पण मराठी कसलं, ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून’. पर्वतीच्या पायथ्याशी एका आजींनी ते ऐकून विचारलं, म्हणजे रेशनकार्डाचं आहे का? मग तिने कागद खाली ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं, आजी मी कॉलेजची, प्रश्न विचारणार, नको वाटलं तर सांगू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही, पैसे मिळणार नाहीत आणि जाणार पण नाहीत. आजी म्हणाल्या मग बस, चहा घे. चहा घ्यायचा की नाही यावर पुस्तिकेत काही नाही. तिने घेतला. पण उत्तरं स्वतःच्या फोनवर भरायला सांगितली होती आणि ते मात्र पूर्ण चूक आहे, फोन तिचा, गॅलरीचा बॅकअप तिच्या मेलवर, लोकांची उत्पन्नं आणि आजार सगळं त्यात. विचारल्यावर म्हणे टॅब कमी पडलेत. टॅब कमी असतील तर लोक कमी विचारा, सोपं आहे.

बाकी किरकोळ. पुस्तिका फक्त इंग्लिशमध्ये आहे, आणि मामांना इंग्लिश वाचता येत नाही, म्हणजे कचरा कुठल्या रंगाच्या पिशवीत जातो हे ज्यांना रोज हाताने करायचंय त्यांच्यासाठीच ती नाही. मी एका रविवारी पान ३ ते ७ मराठीत लिहून सिंकच्या वर चिकटवलं, अजून आहे. एफवायची काही पोरं १८ ची पण नसतात, त्यांच्या पालकांच्या सहीचा कागद विभाग घेतो, हे चांगलंय. काही लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार यावर एक शब्द नाही, हे वाईट. प्रथमोपचाराच्या पेटीत माझ्या वेळेला एक बँडेज आणि एक्स्पायरी झालेलं बर्नॉल होतं. ग्लोव्हजची साइज फक्त लार्ज, माझ्या हातात लार्ज म्हणजे पिशवीत हात घातल्यासारखं, मायक्रोपिपेटचा (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं, अंगठ्याने दाबायचं साधन) पहिला स्टॉप कुठे आणि दुसरा कुठे ते अंगठ्याला कळतच नाही, आणि ते नाही कळलं की ट्यूबमध्ये प्रत्येक वेळी वेगळंच माप जातं. पहिल्या महिन्यात माझी मापं का चुकतात यावर बरीच चर्चा झाली, शेवटी मी मेडिकलमधून स्मॉलचा बॉक्स आणला आणि मापं यायला लागली.

पैसे वसूल का? तुलना करायची तर माझ्या वर्गातल्या एकीने एका खाजगी ठिकाणी ‘हँड्स ऑन ट्रेनिंग’ला सात हजार भरले, दहा दिवस, एसी, चहा-बिस्किट, छापील फोल्डर. पंधरा जणांत एक पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढायचं), ते सरांनी लावलं, यांनी बघितलं. सर्टिफिकेट माझ्यापेक्षा दहापट भारी, सोनेरी सील वगैरे. पण तिला प्लेट ओतायला सांगितली तर ती अजून घाबरते. उन्हाळ्यात दोन महिने मोकळे असतील तर आधी स्टायपेंडवाल्या ठिकाणी अर्ज करा, तिन्ही विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप आहे, फिजिक्सवाल्यांना तर आपल्याच विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्था आहेत आणि दोघांचे सुट्टीतले विद्यार्थी कार्यक्रम आहेत. नंबर लागणं अवघड आहे, पण अर्जाला काय जातंय. तिथे नाही झालं तर व्हॉलंटियर, आणि तेही सेमिस्टर चालू असताना आठवड्याला आठ तासांच्या वर नाही.

मी परत जातेय त्या आधी मॅडमना एक मेल केली, यावेळी पण छोटी. त्यात पाच ओळी: कोणते दिवस, किती ते किती, कॉलेजला पत्र कधी मिळेल, प्रवासाची बिलं कोणाकडे द्यायची, इंटर्नल्सच्या आठवड्यात येणार नाही. मला वाटलं आता राग येणार. दुसऱ्या दिवशी उत्तर, ‘ओके. पत्र सोमवारी घेऊन जा.’ एवढंच. म्हणजे सहा महिने मी जे विचारायला घाबरत होते त्याला पाच शब्द लागले, त्यात ओके धरून.

गेल्या शनिवारी एफवायचा एक मुलगा आला, पुस्तिका वाचून, ताईच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं देऊन. मग ट्यूब घेतली आणि खिशातून काढला तो काळा मार्कर. मी म्हटलं लिही. त्याने छान अक्षरात लिहिलं, संगम, नमुना २. मी अल्कोहोलचा बोळा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं आता पूस.